माझा बाप त्याच्याच दारात नव्हता

मागच्या महिन्यात आमच्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गात जोरदार भांडण झालं. विषय होता वस्तीवरचे हल्ले. कॉलेजात शिकणारा एक दोस्त उठला आणि म्हणाला, "कायदा कसा पाह्यजे? घरात घुसला का ठोकला. केस नाई, कोर्ट नाई. अमेरिकेत तसाच हाय म्हन्ते." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातले एक काकाजी तावातावानं उठले. "बाबासाहेबायनं आपल्याले पेन देला, काठी नाई देली." त्यांनाही टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे हात तेच.

मी गप्प होतो. सेकंड शिफ्ट होती, चारला गिरणीत उभं राहायचं होतं. रिंग फ्रेमवर धागा तुटला की जोडायचा, हे माझं काम. त्या दिवशी आठ तास धागे जोडता जोडता मी मनात दोघांशी भांडत होतो. ते भांडण इथं लिहून काढतो. संपादकाला एकच विनंती, माझी भाषा धुऊन घेऊ नये.

दोस्तहो, आधी कायदा वाचा. आपण कायद्याच्या बापाची लेकरं म्हणवतो आणि कायदा वकिलाच्या तोंडून ऐकतो. जुन्या भारतीय दंड विधानात 96 ते 106 ही कलमं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच कलमं 34 ते 44 झाली. आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच राहिला. कलम 38 म्हणतं, समोरच्याच्या हल्ल्यानं जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्काराचा हल्ला असेल, पळवून नेण्यासाठी हल्ला असेल, अॅसिड फेकत असतील, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. कलम 41 मालमत्तेचं आहे. जबरी चोरी, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतची घरफोडी, आणि आग. राहत्या घराला आग लावायला कोणी आला तर त्याला जिवानिशी अडवायचा हक्क आहे. कायद्यात घराबरोबर तंबूही लिहिलाय. म्हणजे पारध्याचं पालसुद्धा कायद्याच्या लेखी घर आहे!

मग त्या पोराला आणखी कोणता कायदा पाहिजे?

हा कायदा काल झालेला नाही. 1837 साली मेकॉलेच्या कमिशननं पहिला मसुदा केला. त्यात त्यांनी लिहून ठेवलंय की या देशातली माणसं दरोडेखोरांचे जुलूम मुकाट सोसतात, म्हणून बचावाच्या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी बाणा जागवावा. 1860 ला दंड विधान झालं. आणि 1871 ला त्याच सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एका कायद्यानं घरवाल्याला सांगितलं, रात्री चोर आला तर त्याचा जीव गेला तरी चालेल. दुसऱ्यानं अकरा वर्षांनी सांगितलं, चोर कोण ते जन्मावरून ठरलेलं आहे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा म्हणजे तुम्हाला कळेल की घर कोणाचं धरलं होतं आणि चोर कोण. दुसरा कायदा 1952 ला गेला. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या पारध्याच्या बेड्यावर जाऊन विचारा, तो खरंच गेला का.

आग लावणाऱ्याविरुद्धचं कलम 1978 लाही होतं. 27 जुलैला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेला मारलं, जाळलं. कलम पुस्तकात होतं आणि घर आगीत.

कलम का उठून उभं राहत नाही, त्याची कारणं पुढच्याच ओळींत आहेत. कलम 37 म्हणतं, सरकारी संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पुराव्याच्या कायद्याचं कलम, पूर्वी 105, आता साक्ष्य अधिनियमात 108, म्हणतं की मी बचाव करत होतो हे आरोपीनं दाखवायचं. वाचायला सरळ आहे. पण वेळ होता की नव्हता, गरज किती होती, हे कोण ठरवणार? सकाळी आलेला पंचनामा ठरवणार. पंच कोण? गावातले. कोणत्या गावातले ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या बापाचं सांगतो.

मी नऊ वर्षांचा होतो. बा एका वाड्यावर सालदार होता. जयंतीची मिरवणूक गावातल्या मोठ्या रस्त्यानं नेली म्हणून रात्री वस्तीवर माणसं आली. दगड आधी टिनावर पडले, मग दारावर लाथा. आमचं दार म्हणजे चौकटीला तारेनं बांधलेला पत्रा. मायनं आम्हा तिघांना कणगीमागं ढकललं. बा बंडीची उभारी घेऊन पत्र्याआड उभा राहिला. पत्रा पडला, पहिला माणूस आत वाकला आणि बानं उभारी घातली. त्याचा हात मोडला. मागचे थांबले. फक्त थांबले, पळाले नाहीत. शिव्या देत देत गेले. त्या रात्री आमच्या घरात कोणी मेलं नाही, ते त्या उभारीमुळे.

सकाळी दोन गुन्हे नोंदले. एक त्यांच्यावर, एक आमच्यावर. याला क्रॉस केस म्हणतात. हा शब्द पाठ करा, आपल्या अर्ध्या लढाया या शब्दात मरतात. त्यांच्यावर अॅट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. बावर मात्र जबर दुखापतीचं लागलं.

वकील म्हणाला, "तू तिथं नव्हताच म्हन."

बा म्हणाला, "माह्याच घरी नव्हतो? मंग कोठी होतो?"

"यवतमाळले गेल्ता म्हन. एवढ्या भानगडीत जजले समजावनं कठीन हाय का तू कायले मारलं. नव्हतोच म्हटलं का मिटलं."

सात वर्षं तारखा. दर तारखेला मजुरी बुडायची. आणि दर तारखेला माझा बाप कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मनात घोकायचा की तो त्या रात्री आपल्या घरी नव्हता. ज्या एका रात्री तो खरोखर आपल्या दारात उभा राहिला, तीच रात्र त्याला नाकारावी लागली. शेवटी वाड्यावरच्यांनी दोन्ही बाजूंना बसवून तडजोड केली. केस मिटली. बा आता थकलाय. दारू प्यायला की म्हणतो, "मी त्या दिवशी यवतमाळले गेल्तो." आणि हसतो. मला ते हसणं सहन होत नाही.

वकिलाला मी शिव्या देत नाही. पण त्याला एक निकाल माहीत असायला पाहिजे होता, कारण तो आपल्याच भागातून गेलेला आहे. 5 मार्च 1950. कटनीत दंगल. तेव्हा आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, हायकोर्ट नागपूर, कटनीही त्यातच. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या भावाचं दुकान जमावानं लुटलं आणि मग याच्या दारावर लाठ्या आपटायला लागला. यानं बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, काही जखमी झाले. सेशन कोर्टानं दोषी ठरवलं, नागपूर हायकोर्टानं तेच कायम केलं. 1952 ला सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस स्वतः आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटलं, जमाव दार फोडून आत येईपर्यंत त्यानं वाट बघायची गरज नव्हती, आणि अशा घडीला माणसानं किती बळ वापरलं ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं. 1968 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की आरोपीनं बचावाचा हक्क तोंडानं मागितला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टानं विचारात घ्यावा. 2010 ला दर्शन सिंगच्या खटल्यात सांगितलं की बेकायदा हल्ला अंगावर आला असता भ्याडासारखं वागा असं कायदा सांगत नाही.

म्हणजे माझा बाप खरं बोलला असता तरी सुटू शकला असता. निदान त्याला तशी संधी होती. ती कोणी त्याला सांगितली नाही.

(सोनाराच्या काट्यावरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात बचावाच्या हक्कावर सगळ्यात मोठी चर्चा झाली ती वाघिणीवरून. 2 नोव्हेंबर 2018 ला राळेगावच्या बाजूला टी-1 ला गोळी घातली. मारणारा म्हणाला, ती अंगावर आली. मग किती महिने देशभर चर्चा, तिचं तोंड कुणीकडे होतं, गोळी कुठून शिरली. चर्चा व्हायलाच पाहिजे, जनावराचाही जीव आहे. पण तिच्या नावावर 13 माणसं लिहिली होती. बहुतेक शेतात राबणारी, ढोरं चारणारी. त्यांतलं एक नाव सांगा.)

आता टाळ्या घेणाऱ्या पोराकडे येतो. त्याच्या तोंडी सारखं कस्तुरबानगर असतं. 13 ऑगस्ट 2004, नागपूरचं जिल्हा न्यायालय, अक्कू यादव. बायांनी भर कोर्टात मारला. तिखटपूड, भाजीच्या सुऱ्या. मलाही ते आठवलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. दहा वर्षांहून जास्त काळ तो वस्तीत बायांवर बलात्कार करत होता आणि पोलिसांत गेलेल्या बायांची तक्रार घेतली जात नव्हती. पण मित्रा, कोर्टात जे झालं तो बचावाचा हक्क नव्हता. तो पोलिसांच्या ताब्यात होता. धोका तिथून परत वस्तीत येणार, तो जामिनावर सुटणार, ही बायांची भीती खरी होती. पण कायद्याचा हक्क धोका समोर उभा असेपर्यंतच असतो. 2014 ला सगळे आरोपी सुटले ते पुराव्याअभावी, बचावाचा हक्क मान्य झाला म्हणून नव्हे. हे निकालात वाचायचं असतं, भाषणात नाही.

खरा बचाव त्याच्या काही दिवस आधी झाला होता आणि त्याच्यावर कोणी गाणं केलं नाही. अक्कू टोळी घेऊन उषा नारायणेच्या दारावर गेला. अॅसिड टाकीन म्हणत होता. पोरीनं दार लावून घेतलं, पोलिसांना फोन केला. पोलीस वेळेत आले नाहीत. तेव्हा तिनं गॅसचं सिलिंडर सोडलं आणि आत आलात तर काडी ओढीन, मीही मरेन तुम्हीही मराल, असं ओरडून सांगितलं. टोळी मागं सरली. तिनं हे नंतर स्वतः सांगितलं, छापून आलं. कलम 37 म्हणतं संरक्षण मागायला वेळ होता का. होता. मागितलं. आलं नाही. यानंतर तिनं काडी ओढली असती तर कायद्यात तिला जागा होती. कोर्टातला खून तुम्हाला आठवतो कारण त्यात रक्त आहे. दारामागची ती पोरगी आठवा. तिचं वय तुमच्याएवढंच होतं.

आणि काकाजींना माझं सांगणं. महाडला 20 मार्च 1927 ला तळ्यावरून परतलेल्या आपल्या माणसांवर मांडवात जेवताना हल्ला झाला. बाबासाहेबांच्या एका शब्दासाठी माणसं हात आवरून उभी होती, त्यांत पलटणीतून आलेले पेन्शनरही होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. का? हल्लेखोर मारून मोकळे झाले होते, मग जे झालं असतं तो सूड झाला असता. तो कोर्टात आपल्यालाच महाग पडला असता. पण त्याच काळात त्यांनी समता सैनिक दल उभं केलं ना? ते काय पेनं वाटायला? हात आवरणं वेगळं आणि हातच नाहीत असं सांगणं वेगळं.

या हक्काचं नाव मराठीत खाजगी संरक्षणाचा हक्क असं करतात. खाजगी हा शब्द मला टोचतो. आपलं कधी काय खाजगी होतं? वेठीला बोलवायला आलेला पाटलाचा माणूस दारात थांबत होता का? आपल्या न्हाणीला भिंत होती का? पण मूळ कलम वाचा, कलम 35. स्वतःच्या शरीराचा बचाव करायचा हक्क आहे, आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा. स्वतःच्या घराचा, आणि दुसऱ्याच्याही घराचा. कोणाच्याही! म्हणजे एका दारावर लाथ बसली तर चाळीस घरांना उठायचा हक्क आहे. हा हक्क खाजगी नाहीच. 29 सप्टेंबर 2006 ला संध्याकाळी खैरलांजीत जमाव सुरेखा भोतमांगेंच्या झोपडीत शिरला. सुरेखाताई, प्रियंका, रोशन, सुधीर. चौघांना संपवलं. भैयालाल एकटे उरले, तेही 2017 ला गेले. सुरेखाताईंच्या हातात तेव्हा कायद्यानं दिलेला पूर्ण हक्क होता. कलम 100 पूर्ण लागू होतं. आणि गावात आपली घरं बोटांवर मोजण्याएवढी. बाकी गावालाही हक्क होता की त्यांना वाचवावं. कोणी तो बजावला नाही. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, 2010 ला हायकोर्टानं ती उतरवून 25 वर्षांची कैद केली, आणि अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागला नाही.

अमेरिकेचं म्हणाल, तर अर्धीच अमेरिका ऐकू नका. ज्यांच्या नावावरून 1972 ला आपल्या पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथर 1966 ला ओकलंडमध्ये उभे राहिले. पक्षाच्या नावातच स्वसंरक्षण होतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भरलेली बंदूक उघड बाळगायला मुभा होती, म्हणून ते बंदूक घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायचे, लांब उभं राहून बघायचे. 1967 ला तिथल्या सरकारनं कायदाच बदलला. तोपर्यंत गोरे त्याच बंदुका घेऊन फिरत होते तेव्हा कोणाला त्रास नव्हता. आणि तू म्हणतोस तो ठोका-कायदा? फ्लोरिडात 2005 ला केला, जागेवरून हटायची गरज नाही म्हणून. 2012 ला त्याच फ्लोरिडात दुकानातून खाऊ घेऊन परत चाललेल्या ट्रेव्हॉन मार्टिन नावाच्या 17 वर्षांच्या काळ्या पोराला एका पहारा करणाऱ्यानं संशयावरून गोळी घातली. 2013 ला तो मारणारा निर्दोष सुटला. पोराच्या हातात हत्यार नव्हतं.

आता मला कायदा रुंद करण्याची भीती का वाटते ते सांगतो, आणि हे मी विहारात सांगायला पाहिजे होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात चोर फिरतात अशी हूल उठली होती. गावोगाव रात्री गस्त. मी बारा वाजता शिफ्ट सुटून पायी येत होतो, सायकल पंक्चर होती. वाटेतल्या एका गावाच्या फाट्यावर पंधरा-वीस जणांनी घेरलं. काठ्या, टॉर्च.

"कोन हायस बे?"

नाव सांगितलं.

"आडनाव सांग ना."

आडनाव सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "हानारे याले." टॉर्च डोक्यावर आला. माझ्या केसांत, भुवयांत कापूस होता. गिरणीतून निघताना असतोच. एक म्हातारा म्हणाला, "गिरनीतला दिसते रे. जाऊ द्या त्याले." मला जाऊ दिलं. मी पळालो नाही. पळालो असतो तर मेलो असतो, एवढं कळत होतं.

त्या दिवशी मी नळावर डोकं धुऊन निघालो असतो तर? आणि माझ्या जागी पारध्याचं पोर असतं तर? त्याच्या डोक्यावर कोणत्या गिरणीचा कापूस? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाची पाच माणसं पोरं पळवणारी समजून ठेचून मारली. भिक्षा मागायला आली होती. मारणाऱ्यांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, आम्ही आमच्या पोरांचा बचाव करत होतो. रास्त भीती या दोन शब्दांवर हा सगळा कायदा उभा आहे. या देशात आपल्याला बघून भीती वाटणं लोकांना रास्त वाटतं आणि आपल्याला वाटलेली भीती रास्त आहे हे सात वर्षांत सिद्ध होत नाही. म्हणून तू मागतोस तो कायदा आला तर त्याचा पहिला वार आपल्या दारात शिरणाऱ्यावर पडणार नाही. तो फाट्यावर माझ्यावर पडेल.

मग मागायचं काय? नवीन काही नको. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली 1995 चे नियम आहेत. नियम 3 काढा. त्यात लिहिलंय की जिथं अत्याचार होण्याची शक्यता आहे ते भाग राज्य सरकारनं ओळखावेत, तिथल्या बिगर-दलित बिगर-आदिवासी माणसांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारजमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात, आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना शस्त्रपरवाने द्यावेत. हो, सरकारच्याच नियमात लिहिलंय. मी वस्तीत, गिरणीत, विहारात विचारलं. परवाना मिळालेला सोडा, या नियमाचं नाव ऐकलेला माणूस मला भेटला नाही. अमजद खानच्या हातात बंदूक होती. माझ्या मायच्या उशाशी अजून विळा असतो.

मला बंदूक नको. बंदूक घरात आली की ती आधी घरच्या बाईवर रोखली जाते, हे मी शेजारी पाहिलंय. मला त्या नियमाचा पहिला अर्धा भाग पाहिजे. वाड्यावरची बंदूक जमा झालेली बघायची आहे.

येत्या रविवारी अभ्यासवर्गात नियम 3 ची प्रत आणतो. कलेक्टर साहेबांना माहिती अधिकारात अर्ज करायचाय: यवतमाळ जिल्ह्यातले असे भाग कोणते ओळखले, किती परवाने रद्द केले, किती दिले. अर्जावर बाचीही सही घेणार आहे. त्याला सही येते, तारखांना जाऊन जाऊनच शिकला. पत्त्याच्या जागी घराचा पत्ता लिहायचा, म्हणजे तो कुठं राहतो ते एकदा सरकारी कागदावर येईल. माझी त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीनला पोचतो. कोरे कागद आणा.